इंजिनाचा श्वास कोंडू देऊ नका
ब्रीदरची निगा आणि तेलाच्या वाफेचा बंदोबस्त



विहिरीवरचे इंजिन सुरू केले की आपली नजर दोन ठिकाणी जाते. पाटात पाणी आले का, आणि धुराड्यातून धूर कसा निघतो. तिसऱ्या जागेकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. इंजिनाच्या अंगाला, नाहीतर टॅपेटच्या झाकणावर, एक लहान नळी किंवा टोपीसारखी डबी असते. तिच्यातून भक् भक् करीत वाफ येते आणि आसपास तेलाचा चिकटा बसतो. फिटर लोक तिला ब्रीदर म्हणतात. आपण तिला इंजिनाचे नाक म्हणू.

या नाकातून किती वाफ येते, कशी येते, यावरून इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते कळते. आणि हे नाक कोंडले तर नुकसान तेलावर भागत नाही. सील फुटतात, बेअरिंग जाते आणि प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात कारखान्यातून आली तशी न राहिलेली इंजिने पुष्कळ आहेत. कोणी बोअर करून मोठा पिस्टन टाकलेला असतो. कोणी गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढवतो. कोणी जुन्या जीपचे इंजिन काढून पंपाला किंवा मळणी यंत्राला जोडतो, तर कोणी ट्रॅक्टरवर टर्बो बसवून घेतो. फेरफार करताना ताकदीचा विचार होतो, पण श्वासाचा होत नाही. खरे दुखणे तिथेच सुरू होते.

वाफ येते कुठून?

पिस्टनच्या वर डिझेल पेटते तेव्हा दाब फार मोठा असतो. रिंगा तो दाब अडवतात, पण कितीही चांगल्या रिंगा असल्या तरी थोडा गॅस फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. हा गॅस प्रमाणाबाहेर गेला की फिटर म्हणतो, “इंजिन बॅक मारतंय.” चेंबरात क्रँक गरगर फिरत असतो, त्याने तेलाचे तुषार उडालेले असतात. खाली उतरलेला गॅस ते तुषार आणि तेलाची वाफ बरोबर घेऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो.

या गॅसबरोबर पाणीही असते. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यातले बहुतेक धुराड्याने जाते, थोडे चेंबरात उतरते. थंडीच्या दिवसांत गव्हाला नाहीतर कांद्याला पाणी द्यायला पहाटे इंजिन लावले आणि अर्ध्या तासात बंद केले, तर ही वाफ थंड लोखंडावर दवासारखी बसते. मग ऑईलच्या टोपणाखाली पांढरट, ताकासारखा थर दिसतो. हेड गॅसकेट गेले म्हणून लगेच घाबरू नका. आधी इंजिन तासभर चांगल्या भारावर चालवा. वाफ कमी झाली, थर गेला आणि पुन्हा धरला नाही तर ते दवच होते. पण ऑईलच्या काडीवरचे तेलच चहासारखे झाले असेल आणि रेडिएटरचे किंवा टाकीचे पाणी कमी होत असेल, तर मात्र इंजिन न चालवता फिटरला बोलवा.

एका सिलिंडरचे इंजिन श्वास कसा घेते

आपल्याकडे रुळलेले पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे इंजिन घ्या. बोअर ८० मिलिमीटर, पिस्टनची चाल ११० मिलिमीटर. पिस्टन खाली आला की चेंबरातली अर्ध्या लिटरहून थोडी जास्त जागा व्यापतो, वर गेला की ती जागा पुन्हा मोकळी होते. हे सेकंदाला २५ वेळा होते. भात्यासारखेच म्हणा ना.

म्हणून अशा इंजिनाच्या ब्रीदरमध्ये बहुधा एक पातळ पत्री किंवा चकती बसवलेली असते. ती हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही. त्यामुळे चेंबरात किंचित ओढ राहते आणि तेल सीलमधून बाहेर येण्याऐवजी आतच थांबते. ही चकती मोडली, वाकली किंवा काजळीने चिकटली, की नवे सील टाकूनही क्रँकच्या टोकाने तेल गळतच राहते. शिवाय ब्रीदर बाहेरची धूळ आत ओढू लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ तेलात मिसळली म्हणजे बेअरिंगला कानस लागली असे समजा. सील बदलण्याआधी चकती बघा. काम दहा मिनिटांचे आहे.

फेरफार केला की काय बदलते

१. फेरे वाढवले तर. पंपाचे फेरे १५०० वरून १८०० केले तर पाणी थोडे वाढते, पण पंपाला लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या घरात जाते. इंजिनावर तेवढा भार पडतो, रिंगांखालून गॅस जास्त उतरतो, आणि क्रँक जोरात फिरल्याने तुषारही जास्त उडतात. ब्रीदरचे भोक मात्र तेवढेच राहते.

२. बोअर करून मोठा पिस्टन टाकला तर. नव्या रिंगा लायनरला बसेपर्यंत काही तास गॅस जास्त येणे साहजिक आहे. तो दिवसागणिक कमी व्हायला हवा.

३. टर्बो बसवला तर. टर्बोच्या बेअरिंगला दिलेले तेल आपल्या वजनाने खाली चेंबरात परत येते. चेंबरात दाब साठला तर ते तेल खाली उतरत नाही, टर्बोच्या सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या वाटेला लागते. पुष्कळदा टर्बो खराब म्हणून बदलला जातो आणि दोष ब्रीदरचा निघतो.

४. मोटारीचे जुने इंजिन पंपाला जोडले तर. गाडीतून इंजिन काढताना ब्रीदरच्या नळ्या, गाळण्या, झडपा गाडीतच राहतात. उघडे तोंड कोणीतरी बोळा घालून बंद करतो. हे सर्वांत वाईट.

पेट्रोल इंजिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या मोटारींत ब्रीदरची नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्या खोल पाण्यातून न्यायच्या तर या नळीतून पाणी आत शिरे, म्हणून ती नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडण्याची युक्ती वापरली गेली. नगरचे रणगाडा संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाण्यातून जाणाऱ्या वाहनाला श्वासाची वाट जपावी लागते, हे तिथली यंत्रे बघताना ध्यानात येते. पुढे मोटारींच्या धुराने शहरांची हवा बिघडू लागली, तेव्हा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नव्या मोटारींना हीच युक्ती सक्तीची झाली. वाफ बाहेर न सोडता इंजिनातच ओढून जाळायची. पेट्रोल इंजिनात त्यासाठी एक लहान झडप असते. ती हलवली की आत खुळखुळ वाजली पाहिजे. वाजत नसेल तर ती चिकटली आहे, बदलून टाका. पेट्रोल इंजिनावर टर्बो बसवला असेल तर दाब उलटा चेंबरात शिरू नये म्हणून एकाच बाजूने उघडणारी झडप त्या नळीत हवीच.

घरच्या घरी तपासणी

पहिली, टोपणाची. इंजिन गरम झाल्यावर मंद चालीवर ठेवा. ऑईलचे टोपण फिरवून सैल करा आणि भोकावर उलटे ठेवा. हलके थरथरले तर ठीक. उडून पडले, किंवा भोकातून सतत निळसर धूर दाबाने येऊ लागला, तर रिंगा-लायनर थकले आहेत किंवा ब्रीदर तुंबला आहे. ब्रीदर साफ करून पुन्हा बघा. हे करताना बिडी, काडेपेटी जवळ नको.

दुसरी, कागदाची. कोरा कागद ब्रीदरसमोर वीतभर अंतरावर पाच मिनिटे धरा. नुसता दमट झाला तर पाण्याची वाफ. बारीक तेलाचे ठिपके पडले तर नेहमीचे. कागद तेलाने भिजून पारदर्शक झाला तर चेंबरात तेल जास्त भरलेले आहे का ते आधी बघा. काडीच्या वरच्या खुणेपलीकडे तेल गेले की क्रँक त्यात बुडतो आणि घुसळणी होते.

तिसरी, पाण्याच्या नळीची. गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या. एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बांधा, दोन्ही बाजू दीड-दोन फूट उंच ठेवा आणि तळाला वीतभर पाणी भरा. एक टोक ऑईलच्या काडीच्या भोकात घट्ट बसवा, दुसरे मोकळे सोडा. एका सिलिंडरच्या इंजिनात पाणी नाचते, म्हणून नळीत थोडा कापूस सैलसर सारा. आता इंजिन नेहमीच्या भारावर चालवा आणि दोन बाजूंच्या पाण्यात किती बोटे फरक पडतो ते बघा. कापूस ब्रीदरमध्ये नव्हे, फक्त या तपासणीच्या नळीत, बरं का!

प्रत्येक इंजिनाचा आकडा निराळा. म्हणून इंजिन चांगले असताना हा फरक मोजून खोलीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, खाली तारीख घाला. पुढे दर हंगामाला मोजा. आकडा एकाएकी वाढला तर ब्रीदर तुंबला. हळूहळू वाढत गेला तर रिंगा झिजत आहेत. ऐन पाण्याच्या पाळीत इंजिन बसण्याऐवजी हंगाम संपल्यावर सवडीने खोलता येते, हा याचा खरा फायदा.

तेलाची वाफ धरायचा डबा

वाफेने खोली चिकट होते, पट्टा घसरतो, तेल विहिरीत उतरते. यावर ब्रीदर बंद करणे हा उपाय नाही. वाफेला वाट द्या आणि तेल डब्यात धरा.

चार-पाच लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. वाफेची नळी आत शिरेल ते भोक डब्याच्या मध्याला, बाहेर जाण्याची वाट वरच्या झाकणाला, आणि तळाला एक लहान तोटी. आत भांडी घासायची स्टीलच्या तारेची घासणी सैलसर भरा. तारेवर तेलाचे तुषार अडकतात आणि थेंब होऊन खाली पडतात. साधी लोखंडी तार गंजते, प्लॅस्टिकची घासणी वितळते, म्हणून स्टीलचीच घ्या. वरच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि ते खाली वळवा, म्हणजे पाऊस व गांधीलमाशीचे घर दोन्ही टळेल.

नळी बसवताना चार गोष्टी पाळा.

• नळी ब्रीदरच्या तोंडाएवढीच किंवा मोठी हवी. एक इंची नळीऐवजी अर्धा इंची लावली तर वाट निम्मी होत नाही, चौथाई होते.

• इंजिनापासून नळी आधी फूटभर सरळ वर न्या. जड तेल वाटेतूनच परत उतरेल.

• मध्ये झोळ पडू देऊ नका. झोळात पाणी साठते आणि वाट बंद होते.

• तेल व उष्णता सोसणारी रबरी नळी घ्या. सायलेन्सरला टेकू देऊ नका. डब्याचे तोंड कडब्याची गंजी, कांदा चाळ आणि गुऱ्हाळाचे चुलाण यांपासून दूर ठेवा. तेलाची वाफ पेट घेते.

डबा आठवड्यातून एकदा रिता करा, थंडीत त्याहून लवकर. ब्रीदर आणि घासणी प्रत्येक ऑईल बदलीला डिझेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

डिझेल इंजिन पळत सुटले तर

काही जण धूर दिसू नये म्हणून ब्रीदरची नळी थेट एअर फिल्टरच्या पुढे जोडतात. कारखान्याने तशी सोय केली असेल तर तिच्यात तेल अडवणारी गाळणी असते. घरगुती जोडणीत ती नसते. डिझेल इंजिनाला जळायला कोणतेही तेल चालते. रिंगा झिजल्या, ऑईल जास्त भरले गेले, की ब्रीदरमधून आलेले ऑईलच इंजिन खाऊ लागते. मग डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही. फेरे वाढतच जातात. जास्त फेऱ्यांनी वाफ वाढते, जास्त वाफेने फेरे वाढतात. शेवटी कनेक्टिंग रॉड चेंबर फोडून बाहेर येतो, नाहीतर फ्लायव्हील फुटते. ऑईल बाथ फिल्टरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरले तरी हाच प्रसंग येऊ शकतो.

अशा वेळी डिझेल बंद करा. फ्लायव्हीलच्या रेषेत उभे राहू नका. कॉम्प्रेशन सोडायची दांडी असेल तर ती उचला. हवेचे तोंड सपाट फळीने दाबून बंद करा. हाताचा पंजा कधीही लावू नका, कपडा लावू नका, तो आत ओढला जातो. फळी तोंडाच्या मापाने आजच कापून खोलीत खिळ्याला टांगून ठेवा. ट्रॅक्टर चालू असेल तर वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. इंजिन फारच पुढे गेले असेल तर लोखंडाचा मोह सोडा, मुलेमाणसे लांब न्या. इंजिन पुन्हा मिळेल.

दुसरी एक सावधगिरी. इंजिन ठोका देऊन किंवा जाम होऊन बंद पडले, अंग फार तापलेले आहे, अशा वेळी चेंबरचे दार लगेच उघडू नका. आत तेलाची दाट वाफ आणि तापलेले लोखंड असते, वर बाहेरची हवा मिळाली की भडका उडू शकतो. मोठ्या इंजिनात हा धोका फार मोठा. १९४७ साली आयर्लंडजवळ ‘रीना डेल पॅसिफिको’ या जहाजाच्या इंजिनांच्या चेंबरात असा स्फोट झाला आणि २८ माणसे दगावली. आपले इंजिन लहान आहे, तरी अर्धा तास थांबायला काय हरकत आहे?

विहीर आणि बंद खोली

पाणी खोल गेले की इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. धुराड्याचा धूर आणि ब्रीदरची वाफ दोन्ही विहिरीत साठतात. या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे कंदील सोडून बघायची रीत आहे. कंदील विझला तर आत जाऊ नये हे खरे, पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही असे मुळीच नाही. हा वायू माणसाला मारतो आणि कंदील तसाच जळत राहतो. इंजिन काठावरच ठेवा. विहिरीत चाललेले इंजिन बंद पडले तर लगेच खाली उतरू नका, आणि खाली कोणी पडला असेल तर त्याच्यामागे दुसऱ्याने नुसते धावू नये. एकामागे दुसरा असे घरातले दोन-तीन जण जातात. पोलीस व अग्निशामक दलाला ११२ वर कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नव्या रिंगा टाकल्या तरी इंजिन बॅक मारते, असे का?
पहिले पन्नास तास बघा. या काळात इंजिन तासन् तास रिकामे चालवू नका आणि एकदम पूर्ण भारही देऊ नका. मध्यम भारावर चालवा. रिकाम्या चालीने लायनरला काचेसारखी चकाकी येते आणि रिंगा बसत नाहीत. पन्नास तासांनंतरही वाफ कमी झाली नाही तर रिंगांची तोंडे एका रेषेत आली का, रिंग उलटी बसली का, पिस्टन व बोअरचे माप जुळते का, हे फिटरला विचारा.

काडीवर ऑईल वाढलेले दिसते. हे चांगले का?
नाही. इंजिन तेल करत नाही! बहुधा पंपातून किंवा नोझलमधून डिझेल चेंबरात उतरते आहे. तेल पातळ होते, वाफ वाढते. कारण शोधून मगच तेल बदला.

डब्यात साठलेले तेल परत इंजिनात ओतावे का?
नको. त्यात पाणी आणि आम्ल असते. २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक फार थोडे आहे, त्यामुळे आम्ल पूर्वीपेक्षा कमी होते, तरी ते तेल कामाचे नाही. पाटात, विहिरीत, उकिरड्यावर टाकू नका. कॅनमध्ये साठवून जळके तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्या. अंगाला, जनावराच्या जखमेला लावू नका.

ध्यानात ठेवा

१. ब्रीदरला बोळा कधीही घालू नका.
२. तेल गळाले की सीलच्या आधी ब्रीदर बघा.
३. फेरफार केला की वाफेची वाटही मोठी करा.
४. डिझेल इंजिनात वाफ थेट हवेच्या वाटेला जोडू नका.
५. हवेचे तोंड बंद करायची फळी खिळ्याला टांगलेली असू द्या.
६. हंगामाला एकदा पाण्याच्या नळीने मोजा आणि भिंतीवर लिहा.

हे पत्रक इंजिनाच्या खोलीत डकवून ठेवा. इंजिन हाकणारा गडी, मुलगा, शेजारी, सगळ्यांना एकदा वाचून दाखवा.